दसऱ्याला लावलेली तार

मला माझ्या कामाचा माज आहे, हे आधीच सांगून टाकतो. भंडारा जिल्ह्यातल्या एका खाजगी कॉलेजात मी नेटवर्क सांभाळतो. कोणाचा माऊस हलेनासा झाला तरी हाक मलाच येते. मी जातो, दुरुस्त करतो, पण समोरच्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय परत येत नाही. प्राध्यापकांनाही ऐकवतो. ज्याला काम येतं त्याने ऐकवावं आणि ज्याला येत नाही त्याने ऐकावं, असा माझा साधा हिशेब होता.

कॉम्प्युटर लॅबमध्ये माझ्या हाताखाली एक ताई होत्या. वयाने माझ्याहून मोठ्या, वरठीहून स्कूटीने यायच्या. लॅब उघडायची, झाडून घ्यायची, मशीन चालू करायच्या, पोरांची हजेरी घ्यायची, हे त्यांचं काम. अकरा वर्षं त्या कंत्राटावर होत्या. त्या वर्षी दिवाळीनंतर संस्थेची बैठक होती आणि तिच्यात त्यांना कायम करण्याचा कागद ठेवला जाणार होता. कागद तयार होता, सही तेवढी बाकी होती. आमच्याकडे कंत्राटी लोकांचं ओळखपत्र पिवळं असतं, कायम लोकांचं निळं. एकदा माझं निळं कार्ड टेबलावर पडलं होतं. ताईंनी ते उचललं, उलटून पाहिलं आणि जपून परत ठेवलं. "मांगून बी छापलेलं रायते होय," म्हणाल्या. त्यांचं पिवळं मागून कोरं होतं.

तारेच्या टोकाला जॅक बसवायचं काम त्या बघून बघून शिकल्या होत्या. त्यात आठ बारीक तारा रंगाप्रमाणे ओळीने लावाव्या लागतात. मी लावलेले दहातले दोन फसतात. त्यांचा एकही फसत नसे. माहेरी धानाच्या रोवणीला जायच्या, म्हणून बोटं अशी चालतात, असं त्या सांगायच्या. मी त्यांना कधी शाबास म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं, कोण जाणे.

आता नेटवर्कच्या एका दुखण्याविषयी सांगतो, कारण सगळं त्यावरून घडलं. नेटवर्कमधल्या तारा ज्या डब्यात येऊन जुळतात त्याला स्विच म्हणतात. दोन स्विचमध्ये चुकून दोन वाटा झाल्या, किंवा एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली गेली, की गोल तयार होतो. एखाद्या कॉम्प्युटरने सगळ्यांना मिळून हाक दिली की ती हाक त्या गोलात फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत वाढत जाते. तिला मरण नसतं. दोन-चार सेकंदांत सगळ्या तारा त्या एका हाकेने भरून जातात आणि कामाची गोष्ट जायला जागाच राहत नाही.

यावरचा इलाज म्हणजे स्पॅनिंग ट्री. तो स्विचच्या आतच असतो, फक्त चालू ठेवावा लागतो. मग स्विच एकमेकांना सारखे निरोप धाडतात, आपसात एक म्होरक्या ठरवतात आणि त्याच्याकडून प्रत्येकाकडे जाणारी एकच वाट उघडी ठेवतात. बाकीच्या वाटा अडवून ठेवतात. आमच्याकडे तलावाच्या पाण्याचं असंच आहे. तलावातून पाटात, पाटातून धानाच्या बांधीत, पाणी खाली जातं, फिरून तलावात येत नाही. जास्तीची फोड दिसली की माती टाकून बुजवायची.

हे सगळं मला येत होतं. तरी मी ते बंद केलं होतं.

झालं असं, की आमचं कॉलेज ऑनलाइन भरती परीक्षांचं केंद्र झालं आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा माणूस पाहणीला आला. स्पॅनिंग ट्री चालू असलं की नवीन कॉम्प्युटर जोडला गेल्यावर स्विच अर्धा मिनिट थांबतो, गोल तर होत नाही ना ते पाहतो आणि मगच त्याला आत घेतो. तेवढ्यात त्यांचं परीक्षेचं सॉफ्टवेअर चिडून बसायचं. त्या माणसाने प्राचार्य साहेबांसमोर हसत हसत सांगितलं, सर, तुमचं नेटवर्क झोपलेलं दिसतंय. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कामाला कोणी झोपलेलं म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं?

खरा उपाय मला पाठ होता. स्विचमध्ये तार खोचायची जी भोकं असतात त्यांना मी दरवाजे म्हणतो; ज्या दरवाज्यावर नुसता कॉम्प्युटर आहे त्याला सांगायचं, बाबा रे, तू थांबू नकोस. आणि त्यालाच पहारा लावून द्यायचा, की दुसऱ्या बाजूने स्विचचा निरोप आला तर ताबडतोब बंद हो. पण आमचे चार स्विच जुने. प्रत्येक दरवाज्याचं सेटिंगचं पान वेगळं उघडावं लागे आणि कोणती तार कुठून कुठे जाते याची यादीच नव्हती. ती करायला तीन दिवस गेले असते. साहेबांना जेवणाच्या सुट्टीआधी पाहिजे होतं. चार स्विच होते, चारही पानांवर स्पॅनिंग ट्रीसमोरची खूण मी काढून टाकली. कॉम्प्युटर पटापट जोडले गेले. कंपनीच्या माणसाने मान डोलावली, साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नंतर नीट करू म्हटलं आणि ते राहून गेलं.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी मशीन बंद, तिला आराम. पूजेचा मान दरवर्षी साहेबांचा. मी स्विचच्या तारा काढल्या, पुसल्या आणि पेचकस, पकडी, जॅक लावायचं हत्यार यांच्यासोबत पाटावर मांडल्या. झेंडूची फुलं, हळदकुंकू, आपट्याची पानं, सगळं रीतसर झालं. ताई नव्हत्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. दसऱ्याला घरचे सगळे वरठी स्टेशनवरून गाडीने नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्यात एकही वर्ष खाडा नव्हता. आठ दिवस आधी रजेचा अर्ज देत. त्या वर्षीच्या अर्जावर शिफारस म्हणून सही माझीच होती.

पूजा झाली, तारा मी जागच्या जागी लावल्या आणि हातभर लांबीची एक तार पाटावर उरली. ती जास्तीचीच होती, तिला जागा नव्हती. तसं मी साहेबांना सांगितलंही. पण पूजा केलेलं हत्यार जमिनीवर पडून राहू नये, असं त्यांच्या घरी चालत आलेलं. त्यांनी ती तार उचलली, एक टोक स्विचच्या एका रिकाम्या दरवाज्यात खोचलं, दुसरं शेजारच्यात. टक टक असा आवाज झाला. "बसली बरोबर," साहेब म्हणाले. त्यांच्या बोटाचं कुंकू तारेला लागलं होतं. कोणीतरी फोटोही काढला.

मी पाहत होतो. मनातल्या मनात हसलोसुद्धा, की पहा, प्राचार्य झाले आणि तारेची दोन टोकंही कळत नाहीत. तेव्हाच काढायला हवी होती. पण यजमानाच्या हातची तार त्याच्यासमोर उपटायची म्हणजे पूजेत पाय घालण्यासारखं. मशीन बंदच होत्या. उद्या काढू म्हटलं, सोनं वाटलं, चिवडा खाल्ला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी लॅबला सुट्टीच होती, मी विसरलो.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. पोरं-पोरी पहाटेपासून गेटवर. नाकाडोंगरीकडून एक जण रात्रीच्या मुक्कामाला नातेवाइकाकडे येऊन राहिला होता. सानगडीची एक बाई तान्हं लेकरू नवऱ्याजवळ बाहेर ठेवून आत आली होती. ताईंनी नेहमीसारखी सात वाजता लॅब उघडली, मेन चालू केलं. कॉम्प्युटर सुरू झाले, पण परीक्षेच्या पानावर एकही पोचेना. मला हाक आली.

दारातूनच मला कळलं. चारही स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच तालावर लुकलुकत होते. स्विचच्या कपाटाकडे पोचलो तर ती तार तिथेच, कुंकवाच्या बोटासकट. मी ती उपटली. मिनिटभरात सगळं सुरळीत झालं, पण ती वेळ निघून गेली होती. पहिली पाळी रद्द झाली. पोरं ओरडायला लागली, सानगडीची बाई भिंतीला टेकून नुसती उभी होती. आणि मी मागे वळून ताईंवर ओरडलो, की इथे हात कोणी लावला, तुम्हाला किती वेळा सांगितलं कपाट उघडायचं नाही म्हणून. सगळ्यांसमोर ओरडलो. त्यांच्यावरच का? तर त्या जवळ उभ्या होत्या.

संध्याकाळच्या आत कंपनीला लेखी पाहिजे होतं, चूक कोणाची. नाहीतर केंद्र जाणार होतं. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. मी तोंड उघडलं, की दसऱ्याच्या दिवशी ती तार. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. पूजेनंतर सगळं जागेवर तुम्हीच लावलं होतं ना, असं शांतपणे विचारलं. मी म्हटलं, हो. मला कळलं वारं कुठून कुठे वाहतंय. स्वतःचं नाव ते येऊ देणार नव्हते. उरलं माझं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, सकाळी लॅब कोण उघडतं? मी म्हटलं, ताई.

"मंग तसंच लिहा," साहेब म्हणाले.

मी लिहिलं. लॅब सहायकांनी विनापरवानगी तारांची हाताळणी केल्यामुळे नेटवर्कमध्ये अडथळा निर्माण झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते इतकं सोपं असतं, एका वाक्यात होतं. इथे चोर दोन होते, साहेब आणि मी, आणि दोघंही त्याच खोलीत चहा पीत होतो. चहा संपल्यावर मी लॅबमध्ये जाऊन चारही पानांवरची खूण परत लावली आणि स्विचच्या आतली नोंद पुसून टाकली. म्हणजे आधी काय बंद होतं, ते कोणाला सापडायला नको.

पुढच्या पाळ्या अडखळू नयेत म्हणून आता खरं काम करणं भाग होतं. तीन दिवस लॅब बंद ठेवून मी ते केलं आणि सोबतीला ताईंना घेतलं. अहवाल तोवर कंपनीकडे गेला होता. ताईंना त्याचा पत्ता नव्हता. त्या टेबलाखाली शिरून एकेक तार ओढून पाहायच्या, आतून आकडा ओरडायच्या, मी त्या दरवाज्याचं पान उघडून बसवायचो. कॉम्प्युटरच्या दरवाज्यांना न थांबायचं सांगितलं, त्यांच्यावर पहारा लावला. सगळ्यांत चांगल्या स्विचला म्होरक्या केलं, म्हणजे निवड नशिबावर राहू नये. ताईंनी प्रत्येक तारेला चिठ्ठी चिकटवली. अक्षर सुरेख, पोरांच्या वहीसारखं. सांगायला लाज वाटते, पण इतकं चांगलं काम मी दुसऱ्या कोणासोबत केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी चाचणी म्हणून मी मुद्दाम एका तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली. लगेच तिथला दिवा नारिंगी झाला, दरवाजा बंद पडला, बाकी नेटवर्क जसंच्या तसं चालू. ताई टाळी वाजवून हसल्या.

"म्हंजे आता कोणी बी चुकलं तरी चालते?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्या जरा वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिल्या.

"मंग आधी काहून नव्हतं, सर?"

आधीचे स्विच जुने होते, असं मी सांगितलं. स्विच तेच होते. धूळ त्यांनीच रोज पुसलेली, कोपऱ्यातला ओरखडाही त्यांना ओळखीचा.  त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि घरी गेल्या.

चौकशी म्हणून जी काही झाली ती दहा मिनिटांत आटोपली. साहेबांची खोली, साहेब, मी आणि समोर उभ्या ताई. त्यांना बसा असं कोणी म्हटलं नाही. तारेला कुंकू होतं, म्हणजे ती दसऱ्याला लागली, आणि त्या दिवशी त्या नागपूरला होत्या, एवढंच त्या सांगत राहिल्या. साहेबांनी तेही उलटंच फिरवलं. त्यांच्या तोंडून ते इतकं बरोबर वाटलं, की मला त्यांचं कौतुक वाटलं.

"तेच तर म्हणून राहिलो मी," ते म्हणाले. "सारा स्टाफ पूजेले हजर, तुमीच नाई. कोणती तार कुठं लागली हे तुमाले ठाऊक नाई, आणि ठाऊक नसताना तुमी मेन चालू केलं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रजेच्या अर्जावर माझी सही होती, हे त्यांनाही माहीत होतं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा चालू नव्हता.

त्यांना काढलं असं कोणी म्हटलं नाही. महिना संपला आणि कंत्राट पुढे वाढलं नाही, बस. कायम करण्याचा कागद बैठकीत गेलाच नाही. त्यांना जे पत्र मिळालं त्याला माझ्या अहवालाची प्रत जोडलेली होती. अकरा वर्षं कोणी त्यांना इतकं सविस्तर काही लिहून दिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या किल्ल्या द्यायला आल्या. लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू? रागावू नका."

मी म्हटलं, विचारा.

"ते दसऱ्याची तार तुमाले दिसली होती का नाई?"

मी म्हटलं, नाही दिसली. सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हटलं. मला वाटलं त्या रडतील, भांडतील, तळतळाट देतील. त्या सगळ्याची माझी तयारी होती. पण त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं जाणूनबुजून लिहलं तुमी. तसं नाई. तुमाले काम येत नाई, एवढंच आहे."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी सोसला असता. त्यांना खरंच तसं वाटलं होतं आणि माझी कीव आली होती. मी वाईट माणूस नाही, नुसता अडाणी आहे, असं समजून त्या मला माफ करून मोकळ्या होत होत्या. आणि एवढे दिवस जे चौकशीत, साहेबांसमोर, घरी जेवताना माझ्या तोंडून निघालं नव्हतं ते भडाभडा निघालं.

"मले काम येत नाई?" मी ओरडलो. "साहेबानं ती तार माझ्या डोळ्यांसमोर लावली. स्पॅनिंग ट्री मीच बंद केलं होतं, मीच चालू केलं, नोंद बी मीच पुसली. मले शिकवणारा या जिल्ह्यात अजून पैदा व्हायचा आहे."

माझं बोलून झालं. ताईंचा चेहरा हळूहळू बदलला. जी कीव होती ती गेली. तिच्या जागी काय आलं ते मी नीट पाहिलं नाही. मला पाहवलं नाही.

"किल्ल्या मोजून घ्या," त्या म्हणाल्या. 'सर' म्हणाल्या नाहीत.

मी मोजल्या. सात होत्या. सातच असतात. तेव्हा तरी म्हणता आलं असतं, की थांबा, मी तुमच्यासोबत साहेबांकडे येतो. जेमतेम वीस पावलांवर त्यांची खोली होती आणि ते आत बसलेही होते. पण त्या बाईने मला दोन मिनिटांत सगळं कबूल करायला लावलं होतं, आणि याचा राग माझ्या डोक्यात इतका चढला होता की मी जुडगा परत टेबलावर टाकला आणि विचारलं, आठवी कुठे आहे?

आठवी किल्ली कधी नव्हतीच. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन वळल्या.

"ते बी माझ्याच नावावर लिहून टाका," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी वहीत 'सात किल्ल्या मिळाल्या' असं लिहिलं आणि खाली सही केली. अहवाल अजून तसाच आहे.